दुपारी तीन वाजता लागलेलं नागपूर

हॅलो?… हॅलो, कोण?… जोरात बोला ना बाप्पा, कानाचं मशीन टेबलावर आहे माहं… थांबा. नगमा, इसका स्पीकर चालू कर दे बेटा, और वो अंबाडी इधर सरका… हां, बोला आता.

…शालू? अकोल्याची शालू, खुशालराव गुरुजीची? मग तसं सांग ना वं. "मी माजी मुख्याध्यापिका बोलते" म्हणतं, मले वाटलं नगमाच्या कॉलेजातून कोणाची तक्रार आली.

…बरी आहो. बाहत्तर झाले. गुडघे गेले, कान गेले, जीभ तेवढी जागेवर आहे… हो, ते तुले मालूमच आहे.

…दुकान शाकीब पाहते आता. भाचा माहा. पाटी अजून अब्बाचीच आहे, 'ताहेर रेडिओ'. तिच्याखाली बसून तो मोबाईलचे काच बदलते. रेडिओ घेऊन महिन्यातून एक म्हातारा येते तिवस्याहून, तो बी दुरुस्तीले नाई, बसाले येते. मग मी जातो खाली, उघडतो त्याचा रेडिओ, पुसतो, परत लावून देतो. पन्नास वर्षं हातात सोल्डर धरलं, बसवत नाई.

…हो, हो… आयकून राहिली… रविवारी? अकोल्यात?… विज्ञान दिन अन् पुस्तकाचं प्रकाशन. म्हणजे दोन्ही कार्यक्रम एकाच हारात… कोणतं पुस्तक?

…'बिनतारी टोळी'?

…नाई, हसून नाई राहिली. ठसका लागला.

…बरं, हसली. अवं साठ वर्षं झाले त्याले. माह्याजवळची प्रत वाळवीनं बी अर्धी खाऊन सोडून देल्ली, अन् तुमी ते नव्यानं छापून राहिले… रंगीत? चित्रं बी नवीन?… सुधीर जीन्समधे? खुशालराव गुरुजीच्या गोष्टीतला सुधीर?… बरं बाई. मधूले तरी धोतर ठेवा.

…वाचलं म्हणजे? पाठ आहे मले. तुह्या वडलानं लिहिलं म्हणून तुले सगळं गोड लागते. मी मेकॅनिक आहो, मले दिसते. आयक ना… अवं आयक तं. पान चाळीस काढ. सुधीर अन् मधू तेल्हाऱ्याच्या वावरात रेडिओ लावतात. महिना कोणता? वैशाख. काळी जमीन, भेगा अशा का बकरीचा पाय अटकावा. अन् तो सुधीर तिथं एक खिळा ठोकते, त्याले तार बांधते, झाली अर्थिंग. लगेच चोरांचं बोलणं आयकू येते… मग हसू नाई तं काय करू? त्या भेगेत तो खिळा असा गेला असता का पेरणीच्या वक्ती भेटला असता.

…मालूम आहे साहसकथा आहे. पण साहस सुधीरनं कराव, जमिनीनं काहून कराव?

…थांब, पान बावन्न राहिलं. तो सुधीर आयकायचा डबा, हेडफोनचा, कानावरचा काढून तोंडापाशी धरते अन् म्हणते, "हॅलो पोलीस, नरनाळा किल्ल्यावर या." अन् पोलीस येतात बी. अवं त्यात नुसतं आयकाले येते, बोलता कुठून येईन? बिना बॅटरीचा रेडिओ तो, एक खडा अन् एक सुई. आताचे पोलीस दहा वेळा फोन लावला तरी येत नाईत, अन् ते…

…बरं, बरं, राहिलं. गुरुजीले मी नावं ठेवून नाई राहिली. मराठी काय शिकवत, भूगोल काय शिकवत. रेडिओ कळला नाई म्हणजे काही पाप नाई.

…पण तो इंजिनिअर मामा मले आजवर पचला नाई. हो, मी बोलणार. विलायतेहून शिकून आलेला, अंगात कोट, मुंबईहून थेट अकोल्याच्या उन्हात. त्या मामानं सुधीरले खडा देल्ला, सुई देल्ली, पावडरच्या डब्यावर तार गुंडाळून देल्ली. शालू, तो डबा माह्या अम्मीच्या पावडरचा होता. तार अब्बानं जळक्या पंख्यातून सोडवली. खडा नागपूरच्या भंगारातून आणला. आठ दिवस गिऱ्हाइकाले वापस पाठवलं त्यानं आपल्या दोघींसाठी. अन् छापून आलं तं ताहेर मिस्त्री कुठंच नाई. "एक मिस्त्री होता" इतकं बी नाई.

…हो, साठ वर्षं झाले. मी मोजतो. अमरावतीत ज्याले भेटली त्याले सांगितलं, का गुरुजीनं माह्या बापाचं नाव खाल्लं. आज तुह्या तोंडावर बी सांगून राहिली.

…काय सांगाचं आहे तुले?… ते मग सांग. आधी हे सांग, फोन काहून केला? मले पुस्तक वाचून दाखवाले तं नाई केला.

…तीस पोरं?… पुस्तकातली आकृती पाहून तीस पोरं रेडिओ बनवून राहिले. बरं. अन्?… मुके. तीसही?… अवं मग रडतं काहून? बाहत्तराव्या वर्षी असं रडू नाई. थांब, मले बिमार पाहू दे. अर्थिंग कुठं देल्ली?

…शाळेच्या अंगणात. तिथं तं पेव्हर ब्लॉक टाकले ना तुमी?… ब्लॉकच्या फटीत खिळा. म्हणजे सुधीरनं चाळिसाव्या पानावर केलं तेच.

…खड्याच्या जागी?… डायोड. ऑनलाईन. चालते. एरियल?… गच्चीवरून गच्चीवर, शंभर फूट. तेही चालते. हेडफोन?… मोबाईलचा? कानात खुपसाचा? नाई वं, तो नाई चालत याले. जुना पाहिजे, कमी जोरावर बोलणारा, बाकदार दांडीचा…

…आता खरं सांगू? हे सगळं बरोबर केलं तरी तो नाई बोलणार. नागपूरचं स्टेशन दीडशे मैल आहे. दिवसाढवळ्या, बिना बॅटरीचा खडा, अकोल्यात बसून नागपूर धरू शकत नाई.

…पुस्तकात म्हटलं असीन. पुस्तकात पोलीस बी आले होते.

…यूट्यूबवर कोणाचा लागला?… तो मुंबईत राहते, त्याच्या घरावरच टॉवर असीन. नागपूर काही सरकून तुमच्या अंगणात नाई येत शालू.

…हो. बोल पुढं… काय? टेबलाखाली?… हळू सांग. तुमच्या शाळेतल्या करिश्मा मॅडम टेबलाखाली मोबाईल ठेवणार. वरून चादर सोडणार. मोबाईलवर आकाशवाणी लावणार अन् तार खालच्या खालून हेडफोनले जोडणार. पाहुणे येणार, कानाले लावणार, मान डोलावणार… वा. त्यापेक्षा मॅडमलेच बसव ना टेबलाखाली. गाता येते का तिले?

…अन् त्यात माहं काय काम?

…मी स्टेजवर उभं राहून सांगाचं. का मी दहा वर्षांची असताना याच रेडिओवर, याच अकोल्यात, नागपूर आयकलं. जिद्द ठेवा, पोरांनो. अन् खाली बसाचं.

…नाई.

…नाई म्हणजे नाई. गाडी पाठवू नको.

…अकडून नाई राहिली मी… पाहुण्याचं काय घेऊन बसली? पाहुणे फोटो काढून जातीन. पोरांचं काय? त्याले मालूम आहे ना रेडिओ मुका आहे म्हणून. ते कबूल झाले याले?… एकोणतीस झाले. अन् एक?

…आचल. सहावीतली. काय म्हणते ती?… वहीत लिहून ठेवलं? काय लिहिलं?… "आवाज आला नाही." एवढंच? तारीख टाकून. वेळ टाकून. अकरा दिवस रोज… एरियल बदललं त्या दिवशी बी. वा वा वा. ही पोरगी दुकानात बसाले पाहिजे होती माह्या.

…मग तू काय केलं?

…पानं फाडली.

…हं. अन् पोरगी?… हार देणाऱ्या पोरींत टाकली. म्हणजे आता ती नऊवारी नेसून ताट धरून उभी राहणार. बरं केलं. खरं बोलणाऱ्याच्या हातात ताट देल्लं का दोन्ही हात गुंतून राहतात.

…बाकीच्या एकोणतिसापैकी कोणाले आयकू येते का काही?… सात जणाले? काय आयकू येते?… बातम्या. अन् एकाले क्रिकेट.

…थांब जरा. नगमा, गॅस बंद कर, और दरवाजा लगा ले… कुछ नहीं हुआ, तू जा… हां.

शालू, तुले तो दिवस आठवते?… तुमचं मागचं अंगण, निंबाचं झाड. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, दुपारचे तीन. अब्बानं विहिरीपाशी गड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली होती. अन् मी आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, तिथं मिठाचं पाणी ओतत होती. अब्बा म्हणे, आपली काळी माती सुकली का आकसते, पट्टीले सोडून देते, मग अर्थिंग कामाची नाई. ओली ठेवली तं काही आशा. ते पाणी टाकणं बी नाई पुस्तकात. मामाले मालूमच नोतं ते.

…हो, दांडी मोडली होती हेडफोनची. एक डबा तुह्या कानाले, एक माह्या. समोर तुहे वडील वही घेऊन. तुही आई, दोन शेजारणी अन् ते पोस्टातले बाबूजी. अब्बा उकिडवा बसून खड्यावर सुई फिरवून राहिला, फिरवून राहिला… त्यानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मी तिथंच होती. "गुरुजी, हे दिवसा बोलणार नाई, नागपूर दूर आहे. पोरींले हौस आहे म्हणून करून देतो." आठवते ना?

अन् मग मी म्हटलं, "आलं."

…हो, पहिले मीच म्हटलं. मग तू म्हटलं, "बाईचं गाणं आहे." अन् पायानं ताल बी धरला.

…शालू, मले काही आयकू आलं नोतं.

…काही म्हणजे काहीच नाई. माहंच काळीज धडधडून राहिलं होतं कानात, तितकंच.

…काय?

…तुले बी नाई?

…मग ते गाणं?… मी म्हटलं म्हणून. बरं. अन् ताल? ताल कशाचा धरला तू?… अवं थांब, मले हसू आवरू दे… म्हणजे साठ वर्षं तुले वाटत राहिलं का तुह्याच कानात खोट आहे. म्हणून दोनदा डॉक्टरकडे गेली. अन् मशीन लागलं माह्या कानाले. हस, हस, मी बी हसून राहिली.

…काहून म्हटलं? अब्बाच्या मानेवरून घाम चालला होता. अन् ते बाबूजी म्हणाले, "चला, मिस्त्रीला काही जमलं नाही." मले नाई सहन झालं. वाटलं, आपण बापाची इज्जत वाचवाव.

तिथंच फसली ना मी. त्याची इज्जत 'येणार नाई' म्हणण्यात होती. तो आधीच खरं बोलून बसला होता. मी "आलं" म्हटलं अन् तो खोटा पडला. गुरुजीनं टिळक रोडभर सांगितलं, का मिस्त्री नाही म्हणत होता, अन् त्याच्याच पोरीनं नागपूर लावलं. मग दुकानावर जो तो म्हणे, "काय ताहेरभाई, आता पोरीले बसवा गादीवर." तो हसे. वर्षभरात आमी अमरावतीले आलो… हो, तुमाले धंद्यासाठी म्हणून सांगितलं. सगळ्याले तेच सांगितलं.

…त्याले मालूम होतं का म्हणतं? आयक. सगळे घरात गेले चहाले. अब्बा सामान उचलून राहिला होता, मी बाजूले. हेडफोनची तार पेचातून, म्हणजे स्क्रूतून, सुटलेली होती. बसलो तेव्हापासूनच असीन. म्हणजे नागपूर अंगणात येऊन बसलं असतं तरी त्या डब्यात आलं नसतं. अब्बानं ती तार पाहिली. मग माह्याकडे पाहिलं. खिशातून पेचकस काढला, तार पेचात घातली, अन् आवळली. हळूच. मरेपर्यंत त्या गोष्टीवर एक शब्द नाई बोलला.

म्हणून म्हणतो शालू, पुस्तकात तरी नाव पाहिजे होतं त्याचं. तेवढं तरी गुरुजीनं…

…काय?

…परत सांग. थांब, मशीन लावतो कानाले… हां. आता बोल.

…गुरुजी दुकानात आले होते? अमरावतीले? पुस्तक छापाले जायच्या आधी… वहीत नाव होतं. ताहेर मिस्त्री. मामा नोताच… अन् अब्बा म्हटला, काढा.

…तसंच सांग. तुमची भाषा लावू नको त्याले. त्याचेच शब्द सांग.

…"माहं नाव काढा गुरुजी, दुसरा कोणी घाला. नाव राहिलं तं लोक मले येऊन विचारतीन, अन् मले खरं सांगावं लागीन."

…आहो. इथंच आहो.

…गुरुजीले वाटलं, ताहेरभाई लाजला. मोठ्या मनाचा म्हणून नाव नको म्हणते. घ्या. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, अन् दोन ओळींचं वाक्य समजलं नाई माणसाले.

…तुले बी आत्ता समजलं. मले बी.

…तू इतके वर्षं काहून नाई सांगितलं मग?… मी आयकूनच घेत नोती. हो. आत्ता बी "मग सांग" म्हटलं मी तुले. साठ वर्षं चुकीच्या म्हाताऱ्याले शिव्या देल्ल्या, शालू… नाई, सगळ्याच चुकीच्या नाई. पान चाळीस त्याचंच आहे.

…रडून नाई राहिली. अंबाडी निवडून राहिली… मालूम आहे, अंबाडीनं नाई येत डोळ्याले पाणी.

…आयक आता. गाडी पाठव रविवारी. सकाळी सातले… थांब, खुश नको होऊ, आधी आयक. तो टेबलाखालचा मोबाईल काढाचा. करिश्मा मॅडमले म्हणाव, तुमचा मामा घरी ठेवा. फाडलेली पानं कुठं आहेत?… पर्समधे. अकराही?… मग तुले बी मालूमच होतं ना, का ते फेकाचे नाईत म्हणून. त्या पोरीच्या हातातून ताट काढून घे अन् तिचे पानं तिले दे. ती वाचीन स्टेजवर, तारखेसकट. पाहुण्याले बसू दे आयकत.

…मग मी बोलीन. आत्ता तुले सांगितलं तेच. अन् तू माह्या बाजूले बसशीन. तालाचं तू सांगाचं, ते मी नाई सांगणार.

…कमिटी काय म्हणीन? कमिटीले म्हणाव, पाहुणी म्हातारी आहे, कानानं बहिरी आहे, थांबवलं तरी तिले आयकू येत नाई.

…पुस्तक विका ना, मी कुठं नाई म्हटलं. मामा बी राहू दे. अब्बानंच घाला म्हटलं होतं त्याले.

…हेडफोन मी आणतो. तोच, तुटक्या दांडीचा. दोन्ही डबे आहेत अजून. पेचकस बी आणतो. एक डबा आचलच्या कानाले लावू, दुसरा त्या क्रिकेटवाल्याच्या.

…आवाज? नाई येणार वं. कितीदा सांगू, दीडशे मैल आहे.

…हो… हो, गोळ्या घेऊन येतो. अन् शालू, एक काम कर. अंगणातल्या कोपऱ्यातले दोन-चार ब्लॉक उपटाले लाव, अन् हातभर गड्डा कर तिथं. तांब्याची पट्टी पुर. आचलले म्हणाव, आजपासून रविवारपर्यंत, सकाळ-संध्याकाळ, मिठाचं पाणी टाकाचं त्यात. एक बी दिवस चुकवाचा नाई.

…नाईच येणार आहे. तरी टाक म्हणाव. ठेवतो.